अदृश्य उष्णतेचा द्रष्टा : विल्यम हर्शेल

आपल्या घरातील पंचांग उघडून त्यातील ग्रहांची नावे वाचून पाहा. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी ही परंपरेने चालत आलेली नावे सरली की त्यांच्या पंक्तीला हर्षल हे एक नाव बसलेले आढळेल. हे नाव कोणा ऋषीचे नाही, कोणा देवतेचेही नाही. ते एका परदेशी वादकाचे आडनाव आहे. जगाच्या इतर भागांत त्या ग्रहाला युरेनस म्हणतात. आपण मात्र तो शोधून काढणाऱ्याचे नाव मराठी वळणाने उच्चारून ग्रहालाच देऊन टाकले आणि ते नाव परके आहे हेही विसरून गेलो. परक्याला घरचा करून घेण्याची ही रीत मोठी लोभस आहे. परंतु ह्याच पुरुषाने आणखी एक शोध लावला, आणि त्या शोधाला त्याचे नाव चिकटले नाही. ग्रहाचा शोध आकाशात राहिला. हा दुसरा शोध मात्र आपल्या घराच्या भिंतीपर्यंत, विजेच्या खांबापर्यंत आणि गिरणीच्या यंत्रापर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याची ही जीवनकथा आहे.

कणकुंबीचा पाऊस कसा असतो हे येथील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. चोर्ला घाटाच्या माथ्यावर ढग एकदा टेकले म्हणजे कित्येक दिवस सूर्यदर्शन घडत नाही. श्रीमाउलीच्या देवळाजवळ उगम पावणारी मलप्रभा त्या दिवसांत नुसती वाहत नाही, ती गर्जत असते. आणि घराघरांतील भिंती जणू तिच्या माहेरचे पाणी शोषून फुगून बसतात. घाटाखाली माझ्या आजोळीही असाच पाऊस. तेथील एका आषाढातील रात्र मला अजून आठवते. माजघराच्या भिंतीत बसविलेल्या विजेच्या पेटीमागे तारेचा एक सांधा सैल राहून गेला होता. मध्यरात्री मामांना कसलासा उग्र वास आला. त्यांनी धावत जाऊन मुख्य खटका बंद केला आणि पेटी उघडली, तेव्हा मागची फळी कोळशासारखी काळी झालेली दिसली. त्या भिंतीलगत आम्ही चार भावंडे झोपलो होतो. तारेचा सांधा सैल असला म्हणजे तेथे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध वाढतो, आणि विरोध वाढला की तेथे उष्णता साचते. ती एका रात्रीत साचलेली नव्हती. कित्येक दिवस ती वाढत गेली असली पाहिजे. भिंतीवर ती उघड लिहिलेली होती. ती वाचणारा डोळा मात्र आमच्यापाशी नव्हता.

आज तसा डोळा माणसापाशी आहे. उष्णतेचे चित्र काढणारा कॅमेरा भिंतीसमोर धरला, तर गरम झालेली जागा पडद्यावर पिवळीपांढरी उजळून दिसते आणि ओल धरलेली थंड जागा निळीकाळी उमटते. ह्या डोळ्याचे बीज ज्याने रुजविले, तो विल्यम हर्शेल हा कोणी विद्यापीठातील पंडित नव्हता. पोटासाठी तो वाद्ये वाजवीत असे.

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर ह्या नगरात झाला. वडील आयझॅक हे पायदळाच्या वाद्यवृंदात ओबो नावाचे फुंकवाद्य वाजवीत. घरची स्थिती बेताची होती, पण वडिलांना विद्येची गोडी होती. रात्री मुलांना अंगणात नेऊन ते नक्षत्रे दाखवीत, आणि जेवणाच्या वेळी तत्त्वज्ञानावर वाद रंगत. चौदाव्या वर्षी विल्यमही त्याच वाद्यवृंदात दाखल झाला. पुढे सात वर्षांचे युद्ध पेटले. १७५७ च्या जुलै महिन्यात हास्टेनबेकच्या रणांगणावर हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव झाला आणि त्याच वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, विल्यमने आपल्या भावासह इंग्लंडची वाट धरली. खिशात पैसा नव्हता आणि त्या देशात कोणाची ओळखही नव्हती. दुसऱ्यांची स्वरलिपी नकलून काढणे, शिकवण्या करणे, गावोगावी वाद्य वाजविणे अशा कष्टांत त्याची कित्येक वर्षे गेली. अखेर १७६६ साली बाथ ह्या गावातील एका प्रार्थनामंदिरात ऑर्गनवादकाची जागा त्याला मिळाली. तेथे त्याचा जम बसला. दिवसाकाठी अनेक शिष्यांना तो शिकवी, संगीतरचना करी, जलसे बसवी.

एवढ्यावर सुखी राहणारे पुष्कळ असतात. विल्यमला मात्र संगीताच्या शास्त्राने वेगळ्याच वाटेला नेले. स्वरांच्या गणितावरील एक ग्रंथ वाचता वाचता त्याच ग्रंथकाराचे प्रकाशशास्त्रावरील पुस्तक त्याच्या हाती आले. त्यातून दुर्बिणीची रचना कळली, आणि दुर्बिणीने आकाशाची ओढ लावली. चांगली दुर्बीण विकत घेण्यास लागणारा पैसा त्याच्यापाशी नव्हता. तेव्हा १७७३ साली, पस्तिशीच्या घरात असताना, त्याने दुर्बिणीचे आरसे स्वतः घडविण्याचे मनावर घेतले.

ह्या कामी त्याला जी साथ लाभली ती त्याची धाकटी बहीण कॅरोलिन हिची. तिचा जन्म १६ मार्च १७५० चा. लहानपणी विषमज्वरासारख्या दुखण्याने तिची वाढ खुंटली, उंची सव्वाचार फुटांच्या आसपासच राहिली. हिचे लग्न होणे कठीण, तेव्हा हिने घरकाम करावे, शिकून काय करावयाचे, असा आईचा विचार. आपल्याकडेही असा विचार करणारी घरे कमी नव्हती. विल्यमने १७७२ साली हॅनोव्हरला जाऊन बहिणीला आपल्याबरोबर इंग्लंडला आणले आणि तिच्या जागी मोलकरीण ठेवण्यासाठी आईला नियमित पैसे देण्याचे कबूल केले. त्याने तिला गायन शिकविले, इंग्रजी शिकविले, गणित शिकविले. पुढे तीच त्याची लेखनिक झाली, गणकही झाली आणि स्वतंत्र संशोधकही.

त्या काळी मोठ्या दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत. तांबे आणि कथील ह्यांच्या मिश्रणातून ते ओतावे लागत आणि मग तासन्‌तास घासून त्यांना अचूक वक्रता आणि लकाकी द्यावी लागे. पुष्कळदा घासकाम सुरू झाले की हात थांबविता येत नसे. एकदा विल्यम सोळा तास आरशावरून हात न काढता उभा होता. कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवी आणि त्याला कंटाळा येऊ नये म्हणून गोष्टी वाचून दाखवी. घराच्या दिवाणखान्यात सुताराचे हत्यार, निजण्याच्या खोलीत यंत्र आणि तळघरात भट्टी अशी अवस्था झाली. १७८१ साली एका मोठ्या आरशाच्या ओतकामात वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि तापलेल्या फरशीचे दगड उडून छतापर्यंत गेले. सर्वांनी जिवाच्या आकांताने बाहेर धाव घेतली. कोणास मोठी इजा झाली नाही, एवढेच दैव.

त्याच वर्षी, १३ मार्च १७८१ च्या रात्री, बाथमधील आपल्या घरामागच्या बागेतून सात फुटी दुर्बिणीने तो मिथुन राशीतील तारे एकामागून एक तपासत होता. त्यांत एक तारा त्याला इतरांपेक्षा वेगळा भासला. त्याने दुर्बिणीची वर्धनशक्ती २२७ पटींवरून ४६० आणि मग ९३२ पटींपर्यंत नेली. खरा तारा अशा वेळी बिंदूच राहतो; ही ज्योत मात्र प्रत्येक वेळी मोठी होत गेली. काही दिवसांनी ती ताऱ्यांतून सरकतानाही दिसली. त्याला तो धूमकेतू वाटला आणि तसेच त्याने कळविले. इतर गणितज्ञांनी कक्षा मांडून पाहिली तेव्हा तो शनीच्या पलीकडचा ग्रह ठरला. मानवी इतिहासात प्रथमच, डोळ्यांना सहज न उमगलेला एक ग्रह कोणी शोधून काढला होता, आणि सूर्यमालेचा व्याप एका रात्रीत दुप्पट झाला होता. तो ग्रह ह्यापूर्वीही काही ज्योतिष्यांच्या दृष्टीस पडला होता; त्यांनी त्याची नोंद तारा म्हणून केली आणि ते पुढे गेले. पाहिलेल्या गोष्टीविषयी शंका घेऊन तिच्यापाशी थांबणे, हा हर्शेलचा गुण होता.

राजा तिसरा जॉर्ज ह्याने १७८२ साली त्याला वर्षाला २०० पौंडांची नेमणूक करून दिली. संगीताच्या मिळकतीपेक्षा ही रक्कम कमी होती. तरी हर्शेलने शिकवण्या सोडल्या आणि उरलेले आयुष्य आकाशाला वाहिले. खर्च भागविण्यासाठी तो दुर्बिणी व आरसे घडवून विकी. असे चारशेहून अधिक आरसे त्याच्या हातून निघाले. रात्री उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत काम चाले. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री, जमिनीवर बर्फ पडलेले असताना, कॅरोलिन अंधारात घसरली आणि यंत्राचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत रुतला. जखम भरून येण्यास दिवस लागले, पण निरीक्षणाच्या नोंदी थांबल्या नाहीत. १७८७ पासून तिलाही राजाकडून वर्षाला ५० पौंड मिळू लागले. शास्त्रीय कार्यासाठी असे वेतन घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले.

दोघा भावंडांनी मिळून सुमारे २,५०० तेजोमेघ व तारकागुच्छ ह्यांची यादी केली. युरेनसचे दोन आणि शनीचे दोन उपग्रह विल्यमने शोधले. परस्परांभोवती फिरणारे जोडतारे असतात हे त्याने दाखविले. आपला सूर्यही स्थिर नसून शौरी तारकासमूहाच्या दिशेने चालला आहे, हे त्याने १७८३ साली मांडले. स्लाउ येथे त्याने चाळीस फूट लांबीची, चार फूट व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण १७८९ साली उभी केली. तिचा लौकिक मोठा झाला, पण तिने आशेइतके काम दिले नाही. आरसा जड होता, त्यावर डाग चढत, आणि इंग्लंडचे आकाश तिला साजेसे नव्हते. थोर माणसाचा प्रत्येक उद्योग यशस्वी होतोच असे नाही, हेही आपण ध्यानी ठेवावे.

आता आपण त्या दुसऱ्या शोधापाशी येतो. १८०० साल उजाडले तेव्हा हर्शेलचे वय एकसष्ट होते. कीर्ती, मान, संसार, मुलगा, सर्व काही प्राप्त झाले होते. त्या काळात तो सूर्याचे निरीक्षण करीत असे, आणि डोळ्यांचे रक्षण व्हावे म्हणून दुर्बिणीपुढे निरनिराळ्या रंगांच्या काचा लावून पाहत असे. त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. काही काचांतून प्रकाश थोडा येई, पण डोळ्याला चटका बसे. दुसऱ्या काही काचांतून प्रकाश पुष्कळ येई, पण उष्णता जाणवत नसे. अशा वेळी दुसरा कोणी चांगली काच निवडून स्वस्थ बसला असता. हर्शेलने मनाशी प्रश्न केला की सर्व रंगांत उष्णता सारखीच असते काय? आणि ह्या साध्या प्रश्नासाठी त्याने दुर्बीण बाजूस ठेवून तापमापक हाती घेतला.

त्याने खिडकीच्या फटीत एक काचेचा लोलक बसविला. लोलकातून गेलेला सूर्यप्रकाश टेबलावर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सात रंगांच्या पट्ट्यात पसरला. तीन तापमापक घेऊन त्याने त्यांचे फुगे काळे केले, कारण काळा पृष्ठभाग उष्णता अधिक शोषतो. त्यांपैकी एक फुगा त्याने रंगात ठेवला आणि उरलेले दोन बाजूला सावलीत. हे बाजूचे दोन कशासाठी? खोलीची हवाच तापू लागली तर ते दाखवितील, आणि रंगाच्या उष्णतेशी तिची गल्लत होणार नाही म्हणून. शास्त्राची प्रामाणिकता ह्या सावलीतल्या दोन तापमापकांत आहे, हे मी विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगतो. आठ मिनिटांच्या अवधीत तांबड्या रंगातील पारा फॅरनहाइटच्या मोजणीने जवळजवळ ७ अंश चढला, हिरव्यातील सव्वातीन अंश, आणि जांभळ्यातील केवळ २ अंश. उष्णता जांभळ्याकडून तांबड्याकडे वाढत जाते, हे सिद्ध झाले.

येथेही तो थांबला नाही. तांबड्याकडे वाढत चाललेली उष्णता तांबड्याच्या कडेशी एकदम संपावी, असे का? त्याने तापमापक तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्याला प्रकाशाचा कणही दिसत नव्हता अशा जागी, अर्धा इंच, एक इंच, दीड इंच असा सरकवीत नेला. पारा तेथेही चढला. इतकेच नव्हे, सर्वांत अधिक उष्णता तांबड्याच्या बाहेर, त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागी आहे, असे त्याला आढळून आले. सूर्याकडून आपल्याकडे असे काही येते जे वक्रीभवन पावते, परावर्तित होते, पदार्थांत शोषले जाते, आणि तरी दिसत नाही! १८०० च्या मार्च-एप्रिलमध्ये हे प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. त्या वर्षभरात त्याने सूर्य, मेणबत्ती, विस्तव, तापलेले लोखंड ह्यांवर सुमारे दोनशे प्रयोग केले. आज आपण त्या किरणांना अवरक्त किरण म्हणतो. रक्तवर्णाच्या खालचे, असा त्याचा अर्थ. हे नाव त्याने दिलेले नाही, ते पुढे रूढ झाले.

त्याच्या निष्कर्षांवर टीका झाली. जॉन लेस्ली ह्या शास्त्रज्ञाने तर ते निरीक्षणच चुकीचे ठरविण्याचा प्रयत्न केला. आणि खरे सांगावयाचे तर, हर्शेल स्वतःही एका ठिकाणी चुकला. आरंभी त्याला वाटले होते की प्रकाश आणि ही उष्णता एकाच जातीची आहेत. पुढे काचांतून दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात जातात हे पाहून त्याने ती दोन भिन्न तत्त्वे मानली. पहिली अटकळच खरी होती. १८३५ च्या सुमारास आंपियर ह्याने दोन्ही एकाच प्रकारच्या लहरी असल्याचे प्रतिपादन केले आणि पुढे ते मान्य झाले. सर्वांत अधिक उष्णता तांबड्याच्या बाहेर सापडली, ह्यातही लोलकाचा काही वाटा होता. काचेचा लोलक त्या बाजूचे किरण दाटीने एकत्र आणतो आणि जांभळ्या बाजूचे फाकवितो. सूर्यावर वस्ती असावी असेही हर्शेल मानीत असे! आपल्याला आज त्याचे हसू येते. पण त्याने आपली मोजमापे उघड मांडली होती, म्हणूनच पुढच्यांना त्याची चूक दुरुस्त करता आली. मत चुकले तरी मोजमाप खरे असले म्हणजे विद्येची हानी होत नाही.

त्याचा मुलगा जॉन हाही थोर शास्त्रज्ञ झाला. १८४० साली जॉनने काजळी धरलेला कागद मद्यार्काने भिजवून त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. जेथे उष्णता अधिक तेथे मद्यार्क आधी उडाला आणि न दिसणाऱ्या किरणांचा ठसा कागदावर उमटला. उष्णतेचे पहिले चित्र म्हणतात ते हेच. पित्याने पाऱ्याने जे मोजले, ते पुत्राने चित्रात आणले. त्याच्याही आधी इटलीचा मेलोनी ह्याने दोन धातूंच्या सांध्यांपासून असे साधन केले की तीसेक फुटांवर उभ्या असलेल्या माणसाची ऊब त्याला कळे. अमेरिकेचा लँग्ली ह्याने १८८० च्या सुमारास त्याहूनही सूक्ष्म उष्णतामापक सिद्ध केला. विसाव्या शतकात युद्धाच्या गरजेने ही विद्या झपाट्याने वाढली, आणि १९६५ च्या सुमारास स्वीडनमध्ये उच्च दाबाच्या विजेच्या तारा तपासण्यासाठी उष्णताचित्रण यंत्र वापरात आले. ज्या सैल सांध्याने माझ्या आजोळची फळी जाळली, तसाच सांधा हेरणे हे ह्या यंत्राचे पहिले लोकोपयोगी काम होते.

हे यंत्र करते तरी काय? जगातील प्रत्येक वस्तू, बर्फाचा खडासुद्धा, आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकीत असते. आपले शरीर, भिंत, यंत्र ह्यांच्याकडून निघणाऱ्या लहरींची लांबी दृश्य प्रकाशाच्या पंधरावीस पट असते. साध्या काचेतून त्या पार जात नाहीत. म्हणून ह्या कॅमेऱ्याचे भिंग काचेचे नसून बहुधा जर्मेनियम ह्या मूलद्रव्याचे असते. भिंगामागील सूक्ष्म संवेदक प्रत्येक ठिपक्याचे तापमान मोजतात आणि यंत्र त्याला रंग देते. पडद्यावरील तो रंग म्हणजे मोजमाप होय. वस्तूचा खरा रंग नव्हे. रोहित्राचा सैल सांधा, घर्षणाने तापलेले यंत्राचे धारवे, गच्चीत मुरलेले पाणी, ओल धरलेली भिंत ही सर्व अशा चित्रात प्रकट होतात. ओली जागा थंड का दिसते? बाष्पीभवन होताना पाणी भिंतीची उष्णता घेऊन जाते. मातीच्या माठातील पाणी गार होते त्याच न्यायाने.

तथापि ह्या यंत्राला दिव्यदृष्टी समजू नये. ते भिंतीच्या आरपार पाहत नाही; आतील उष्णता पृष्ठभागावर आली तरच ती त्याला दिसते. तारेतून वीज वाहत नसेल तर सैल सांधाही थंडच दिसतो. घासून लख्ख केलेले तांब्याचे भांडे स्वतःची उष्णता दाखविण्याऐवजी समोरच्याचे प्रतिबिंब दाखविते आणि परीक्षकास फसविते. दिवसभर ऊन खाल्लेली भिंत संध्याकाळी वेगळीच भासते. म्हणून यंत्र हाती घेणाऱ्यास सावलीतल्या त्या दोन तापमापकांची आठवण असली पाहिजे. त्याने पाहावे, मग शंका घ्यावी, आणि पुन्हा ताडून पाहावे.

आपल्या देशातही हे किरण अनेक प्रकारे राबत आहेत. इन्सॅट मालिकेतील उपग्रह ह्याच किरणांनी रात्रीच्या अंधारातही ढगांची चित्रे घेत आले आहेत. कणकुंबीकडे येणारा पाऊस अरबी समुद्रावर असतानाच जो दिसतो तो त्यांच्यामुळे. २०२० सालच्या महामारीनंतर शाळेच्या दारात आपल्या कपाळासमोर जे छोटे यंत्र धरले जाई, तेही अवरक्त किरणच मोजत होते. त्या वेळी आपणांपैकी किती जणांना हर्शेलचे स्मरण झाले असेल?

ह्या घराण्याचा आपल्या मुलखाशीही एक ऋणानुबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतात खग्रास सूर्यग्रहण झाले. ते पाहण्यासाठी रॉयल सोसायटीच्या वतीने जो लष्करी अधिकारी आला, तो विल्यमचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल होय. त्याने आपला तळ दिला तो पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, आजच्या बागलकोट जिल्ह्यात. श्रावणातील ढगांनी त्याचा पुष्कळ वेळ खाल्ला. पण ढगांच्या फटीतून मिळालेल्या क्षणांत त्याने सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे ओळखले. आजोबांनी लोलकातून सूर्य वाचला, नातवाने आपल्या शेजारी उभे राहून तेच वाचन पुढे नेले.

विल्यम हर्शेलला १८१६ साली सरदारकी मिळाली आणि २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाउ येथे त्याचे देहावसान झाले. त्या वेळी त्याचे वय त्र्याऐंशी वर्षे नऊ महिने होते. कॅरोलिन त्याच्यामागे पंचवीस वर्षांहून अधिक जगली आणि १८४८ साली निवर्तली. हर्षल ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी करण्यास चौऱ्याऐंशी वर्षे लागतात. म्हणजे ह्या माणसाचे आयुष्य त्याच्याच ग्रहाच्या जवळजवळ एका वर्षाएवढे भरले. २००९ साली युरोपच्या अंतराळ संस्थेने अवरक्त किरणांनी विश्व पाहणारी मोठी दुर्बीण आकाशात सोडली. २०१३ पर्यंत तिने काम केले. तिला नाव दिले होते हर्शेल. ज्या शोधाला त्याचे नाव लाभले नव्हते, त्याचे देणे जगाने असे फेडले.

विद्यार्थी मित्रहो, दसरा उलटून आकाश निवळले म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतून एक लोलक आणि तीन तापमापक घ्या, फुगे काळे करा, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग स्वतः करून पाहा. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका. तांबड्याच्या पलीकडे, जेथे काहीच नाही असे वाटते तेथे, पारा चढताना तुम्हांस दिसेल. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एकसष्ट वर्षांच्या एका वादकाला जो आनंद झाला, तोच तुम्हांलाही होईल. आणि त्या दिवशी घरी गेल्यावर विजेच्या पेटीवर एकदा नजर टाकण्यास वडीलधाऱ्यांना अवश्य सांगा. उष्णता दिसत नसली तरी ती असते.